सात नंबरची बाटली

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेनं जुने कागद रद्दीत काढायचं ठरवलं. पाणी तपासणारी छोटी खासगी प्रयोगशाळा आहे आमची, एका मजल्यावर साडेतीन खोल्या. सगळे आकडे आता संगणकात आहेत, मग चिठ्ठ्या कशाला, असं साहेबांचं म्हणणं. काम माझ्याकडे आलं, कारण ते आकडे संगणकात भरले मीच. एकवीस वर्षं मी तेच करतो.

चिठ्ठी म्हणजे बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधतात तो पुठ्ठ्याचा तुकडा. पुढच्या बाजूला छापील चार ओळी असतात. नमुना क्रमांक, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान. मागची बाजू कोरी. पण एका कपाटातल्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी नव्हती. तिथं पेन्सिलीनं, मोठ्या सुट्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. चार नंबरच्या ठिकाणच्या चिठ्ठ्या मी तारखेनं लावून पाहिल्या. "ऊस." पुढं बरेच महिने नुसतं "ऊस." मग "खत टाकलं, वर पाऊस. पाणी हिरवं." मग "ऊस तोडला." "परत लावला नाही." "खुंट्या ठोकल्या." "बोर्ड लागला." "मुरूम टाकला." "सात घरं." "वीस घरं. म्हशी गेल्या." आणि पुढच्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच शब्द, "वास."

हे हिलालआप्पांचं अक्षर. आप्पांना जाऊन दोन वर्षं होत आली. त्या चिठ्ठ्या मी रद्दीत टाकल्या नाहीत, पिशवीत भरून घरी आणल्या. बायको म्हणाली, "आता ह्या कुठं ठेवायच्या?" सध्या त्या पलंगाखाली आहेत.

आप्पा आमच्याकडे नमुने गोळा करायचे. मूळचे खानदेशातले, तापीकाठच्या गावचे. तरुणपणी सुरतेत लूमवर लागले आणि लूमच्या खटखटीत कान अर्धे गेल्यावर ते काम सोडून आमच्याकडे आले. ऐकू कमी येत असल्यामुळे बोलायचे मोठ्यानं. साहेब आत फोनवर असले तरी आप्पांचं "बर्फ भरला का रे पेटीत?" सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. अंगानं सडपातळ, पँटचे पाय दोन घड्या घालून वर घेतलेले, खिशात पेन्सिल. पेन नाही. पेनची शाई ओल्या हातानं पसरते.

दर गुरुवारी त्यांची फेरी असायची. कामरेजजवळ तापीचा एक नमुना, आणि मग खाडीचे अकरा. खाडी म्हणजे इथं समुद्राची नव्हे. कडोदऱ्याच्या बाजूनं शेतांतून येणारा हा मोठा ओढाच आहे. वर उसाची शेतं, मग तबेले, मग प्लॉट पाडलेल्या सोसायट्या, मग लूमच्या शेड आणि कापड रंगवणाऱ्या मिल, मग डिंडोलीकडची दाट वस्ती, आणि पुढं ती नदीला मिळते. एक नंबर सगळ्यांत वर उसात, अकरा नंबर सगळ्यांत खाली. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या. मोठी प्लास्टिकची, क्षार-बीर तपासायला. ती तिथल्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि मग भरायची. आणि छोटी काचेची, जंतूंसाठी. ती आधीच वाफेत शुद्ध करून, तोंडाला कागद बांधून नेलेली असते. ती विसळायची नाही. कागद सोडायचा, प्रवाहाकडे तोंड करून भरायची, लगेच बंद करायची. आणि झाकण? झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, खिशात टाकायचं नाही, दातात तर नाहीच. हातात धरायचं, तोंड खाली करून.

हे नियम पुस्तकात सगळेच वाचतात. पाळताना मी एकालाच पाहिलं. ऑफिसात चहा पिताना बरणीचं झाकण कुणी टेबलावर उलटं ठेवलं, तरी आप्पांचा हात आपोआप पुढं यायचा आणि ते झाकण उचलून धरून बसायचे. आम्ही हसायचो. "आप्पा, साखर आहे, नमुना नाही."

"सवय बिघडली की हात बिघडस भो," ते म्हणायचे. माझ्याशी ते मराठीत बोलत, मी अकोल्याकडचा म्हणून. पण वाक्याच्या शेवटी त्यांची अहिराणी डोकं वर काढायची.

गुरुवारी आप्पांचा स्वभाव फार खराब असायचा. सकाळी कुणी "कसं काय आप्पा" म्हटलं तर "दिसत नही का?" एवढंच उत्तर. आम्ही समजायचो की गुरुवारचा कडक उपास असेल, कुठल्या तरी देवाचा. एकदा बायकोनं उपासाची बटाट्याची भाजी डब्यात जास्त दिली, तेव्हा मी ती त्यांच्यापुढं ठेवली. आप्पांनी ती खाल्ली आणि मग स्वतःच्या डब्यातली मेथीची भाजी आणि भाकरही खाल्ली.

"आप्पा, उपास मोडला की!"

"कोणता उपास?"

मग कळलं. आप्पा तंबाखू खायचे, हातावर चुना लावून मळून. अंगठ्याला चुना राहतो. तो बाटलीच्या तोंडाला लागला तर पाण्याचा आकडा चुकतो. म्हणून बुधवारी संध्याकाळी ते चुन्याची डबी कपाटात ठेवायचे ती शुक्रवारी सकाळी काढायचे. सोळा वर्षं. साहेबांनी हे कधी सांगितलं नव्हतं, पुस्तकातही नाही. मी विचारलं, "हातमोजे आहेत की." तर म्हणाले, "हातमोजा बी हातानंच घालतात ना?"

आषाढात तापीचा जन्मदिवस असतो. त्या दिवशी लोक नदीला दूध वाहतात, हार घालतात, चुनडी नेसवतात. एका वर्षी तो दिवस गुरुवारी आला. साहेबांनी सांगितलं, कामरेजचा नमुना आणायचाच, वेळापत्रक चुकता कामा नये. आप्पांनी आणला. चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं : "आज वाढदिवस. दूध, हार, साखर. आकडा तिचा नाही." साहेब हसले आणि मला म्हणाले, "तू तुझा आकडा टाइप कर. मागचं राहू दे."

मीही तेच करत आलो होतो. मागच्या बाजूसाठी संगणकात रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते भरायचं कुठं? मी आकड्यांचा माणूस. समोरची बाजू टाइप करायची, चिठ्ठी सुतळीत ओवायची, पुढची घ्यायची.

आमचं घर ज्या सोसायटीत आहे ती जागा आम्हाला आप्पांनीच सांगितली. तेव्हा आम्ही सगळे डिंडोलीत भाड्याच्या खोल्यांत राहायचो. एका गुरुवारी फेरीवरून येऊन आप्पा म्हणाले, "खाडीच्या वाटेवर उसात खुंट्या ठोकल्या. बिनखेती झाली जमीन, घरं बांधायला मोकळी. प्लॉट लहान आहेत, पण स्वस्त पडतील." त्यांचे गाववाले सुपडूभाऊ लूमवर सुपरवायझर होते. त्यांनी मनावर घेतलं, लोक गोळा केले. चौसष्ट प्लॉट, चौसष्ट घरं. बहुतेक खानदेशातली, थोडी आमच्याकडची. सुपडूभाऊ अध्यक्ष झाले. मला लिहिता-मोजता येतं म्हणून मी सेक्रेटरी.

घरं झाली, पण गटार नव्हतं. प्रत्येकानं मागच्या अंगाला शोषखड्डा खणला, ज्याला इथं खाळकुवा म्हणतात. उसाची काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती थेंबभर पाणी आत घेत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात खड्डे भरून वर आले. अंगणात, तुळशीपाशी, काही घरांत मोरीतून आत. लहान मुलं त्यातून शाळेत जात होती. सभेत एकमतानं ठरलं की सगळ्या घरांची लाइन जोडून एक मोठा पाइप टाकायचा आणि तो खाडीत सोडायचा. महापालिकेची लाइन आली की तिकडं जोडू. उतार मोजायचं काम मी केलं. टेप आणि पाण्याची नळी घेऊन दोन रविवार हिंडलो. खाडीच्या वळणापाशी सगळ्यांत सरळ उतार मिळाला. पाइप सगळ्यांत कमी लागला. मला त्याचा आनंद झाला होता, हे सांगायला हवं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सात नंबरच्या बाटलीत जंतूंचा आकडा एकदम चढला. मला वाटलं, एखाद्या वेळचं असेल. पुढच्या गुरुवारी तसाच. त्याच्या पुढच्याही. सहा नंबर जसा होता तसाच, आणि सात मात्र थेट अकरा नंबरच्या बरोबरीला. मी जुने कागद काढले, ताळा करून पाहिला आणि माझ्या हिशेबानं एकच कारण निघालं. मी आप्पांना बोलावलं.

"आप्पा, सात आणि अकराच्या बाटल्या बदलल्या जाताहेत. चिठ्ठ्या बांधताना लक्ष द्या."

आप्पांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी त्यांना शंका उरली नाही. मग म्हणाले, "बाटल्या बदलल्या असत्या तर अकराचा आकडा उतरला असता. उतरला का?"

उतरला नव्हता.

"तू सात नंबर कधी पाहिला शे का?"

आप्पा मला नेहमी "तुम्ही" म्हणायचे. त्या दिवशी "तू" म्हणाले. मी सात नंबर पाहिला नव्हता. नऊ वर्षं दर आठवड्याला टाइप केला होता, पण तो जमिनीवर कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.

"गुरुवारी चल," ते म्हणाले.

गुरुवारी साहेबांना सांगून मी त्यांच्या मोपेडवर मागं बसलो, मांडीवर बर्फाची पेटी घेऊन. एक ते सहा झाले. आप्पा एक शब्द बोलले नाहीत, चुना नसल्यामुळे आणि माझ्यामुळेही. सहा नंबरवरून निघालो तेव्हा ओळखीचा रस्ता लागला. आमच्याच सोसायटीच्या मागचा. वळण आलं. मोपेड थांबली. मी मोजलेल्या उताराच्या टोकाला पाइपाचं तोंड होतं आणि त्यातून पाणी पडत होतं. सकाळची वेळ, चौसष्ट घरांच्या आंघोळी आणि बाकीचं सगळं.

"हे आपलं," आप्पा म्हणाले. मग खाली बोट केलं. "ते सात."

पाइपापासून पाऊणशे पावलं असतील. मी नंतर मोजली, सत्त्याहत्तर. तिथं बाभळीला एक चिंधी बांधलेली होती, तीच आप्पांची खूण. आणि काठावर भाजीचा मळा होता. पालक, मेथी, मुळे. मधे एक बांधीव विहीर, दोरी, बादली, आणि विहिरीपाशी मुळे धूत बसलेल्या कमूबेन. साठीच्या, हातांवर जुनं गोंदण, आवाज आप्पांपेक्षा मोठा.

"केम भाई, आजे मोडा पड्या?" उशीर का झाला म्हणून त्या दरडावत होत्या. मग माझ्याकडे बघून, "आ कोण? साहेब?"

"साहेब नाही. टाइपवाला," आप्पा म्हणाले.

कमूबेननी हसून दोन पेले भरले. दर गुरुवारी त्या आप्पांना त्या विहिरीचं पाणी द्यायच्या. सात नंबरची बाटली भरून, हात धुऊन, ते पाणी प्यायचं आणि पुढं आठ नंबर. वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी आप्पांनी पेला घेतला, हातात धरला आणि प्यायले नाहीत. माझाही पेला त्यांनी काढून घेतला. मग पेटीतून एक जादा काचेची बाटली काढली, विहिरीतून बादली ओढली आणि ती भरली. झाकण हातात, तोंड खाली. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, "७-अ".

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "हा नमुना कोणी मागितला?" आप्पा म्हणाले, "मी." साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तपासायला पाठवला.

विहिरीचं पाणी पिण्यालायक नव्हतं. आकडा मीच टाइप केला. त्या वेळी मी आणखी एक गोष्ट केली, तीही लिहितो. संध्याकाळी मी आप्पांना म्हणालो, "पुढच्या वेळी सात नंबर शंभर पावलं वर घेतला तर? वळणाच्या वर. तसं ठिकाण जवळपास तेच पडतं." मी हे बदमाशीनं म्हणत नव्हतो, असं मला तेव्हा वाटत होतं. सोसायटीवर नोटीस आली तर चौसष्ट घरांत पुन्हा घाण वर येईल, हा माझा विचार होता. तोही खोटा नव्हता.

आप्पांनी चिडायला हवं होतं. ते चिडले नाहीत. फार थकल्यासारखे खुर्चीत बसले. "वरती घेऊ," ते म्हणाले. "तो सात-ब लिहू. पण खालचा बी घेऊ. तो सातच."

पुढच्या गुरुवारी कमूबेनना सांगायला ते मला बरोबर घेऊन गेले. त्यांच्या गुजरातीत अर्धी अहिराणी असायची, पण कमूबेनना समजलं. हे पाणी पिऊ नका. भाजीही ह्यात धुऊ नका.

"तो हवे हुं शुं पीऊं?" त्या म्हणाल्या. मग मी काय पिऊ? नळ त्या भागात नव्हता, हातपंप रस्त्यापलीकडे लांब होता. पाण्यात काय पडतंय ते त्यांनी विचारलं नाही, त्यांनी विचारलं, "कोण नाखे छे?" कोण टाकतंय?

"हुं," आप्पा म्हणाले. मी.

कमूबेनना ती थट्टा वाटली. "तमे तो पाणी चेक करवावाळा!" म्हणून त्या हसल्या. आप्पांनी वळणाकडे, पाइपाकडे, त्याच्या वरच्या घरांकडे हात केला. पाचव्या ओळीतलं गच्चीवर निळी टाकी असलेलं घर दाखवलं. ते त्यांचं. त्याच्या शेजारचं माझं. ते त्यांनी दाखवलं नाही. मी हातातल्या बाटलीची चिठ्ठी वाचत उभा होतो.

प्रयोगशाळेनं अहवाल जसाच्या तसा दिला. ज्या सरकारी खात्यानं मागवला होता त्याच्याकडे तो पोचला. पोचल्याची सही माझ्याकडे आहे. पुढं काही आलं नाही.

सोसायटीची सभा झाली. आप्पांनीच बोलवायला लावली. मी सेक्रेटरी म्हणून पुढं बसलो. आप्पांनी मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. विहीर, मळा, आकडा. पाइपाच्या तोंडाशी मोठी टाकी बांधावी, पाणी शुद्ध करून सोडावं, नाहीतर पाइप तरी मळ्याच्या पुढं, प्रवाहाच्या खालच्या बाजूला न्यावा.

सुपडूभाऊ म्हणाले, "आप्पा, मिलवाले लाल-निळं पाणी सोडतात ते नाही दिसत तुम्हाला? सगळी खाडी त्यांनी नासवली आणि बिल आपल्यावर फाडता?"

"मिल आठच्या खाली आहेत. पानी वर चढस का?"

"वरचे सोडतात ते? चार नंबरवाली सोसायटी?"

"ते बी सोडतात. लिहिलंय मी."

"मग आधी त्यांना सांगा."

मागून कुणी तरी म्हणालं, "आप्पा, तुमची लाइन तेवढी सोन्याची आहे का?" लोक हसले.

"मना संडास बी त्याच्यातच शे," आप्पा म्हणाले. "म्हणून तर बोली ऱ्हायनू." लोक आणखी हसले.

सुपडूभाऊ वाईट माणूस नव्हते. पावसाळ्यात त्यांच्याच घरात सगळ्यांत आधी पाणी वर यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरी, तुम्ही मोजमाप केलंय. पाइप खाली नेता येईल का?" मी खरं ते सांगितलं. खालच्या अंगाला काठाची जमीन उंच होते, उतार मिळत नाही, पंप बसवावा लागेल. ते खरंच होतं. फक्त तेवढंच बोलून मी बसलो. इतिवृत्तात मी लिहिलं, "महापालिकेची लाइन येईपर्यंत विषय पुढे ढकलला." ती लाइन अजून आलेली नाही.

सभेनंतर आप्पांनी आपल्या घराचं कनेक्शन पाइपातून तोडलं. स्वतः खणून, सिमेंटनं तोंड बुजवलं. संडासासाठी बंद टाकी बांधली, ती भरली की टँकरवाला बोलवायचा. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मागच्या अंगाला एका उथळ वाफ्यात सोडलं. त्यात वाळू-खडी घालून कर्दळ आणि केळी लावल्या. केळी त्यांना लहानपणापासून माहीत. पावसाळ्यात तरी वाफा तुंबायचा, तेव्हा बादलीनं पाणी काढत बसायचे. मी म्हणालो, "आप्पा, चौसष्टांत एक घर. शेकड्याला दीडच्या आसपास. विहिरीत काही फरक पडणार नाही."

"नही पडणार," ते म्हणाले आणि बादली उचलली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यानंतर रोज सकाळी ते आपल्या नळाचे दोन कॅन भरून, सायकलला दोन्ही बाजूंना अडकवून, कमूबेनकडे न्यायचे. पिण्यापुरतं. कमूबेन पहिल्यांदा नको म्हणाल्या. मग त्या बदल्यात मुळ्याची जुडी देऊ लागल्या. आप्पा ती घ्यायचे आणि घरी नळाखाली बराच वेळ धुवायचे. भाजी त्या विहिरीवर धुतात ते थांबलं नव्हतं. दोन कॅनात मळा धुतला जात नाही. ती भाजी डिंडोलीच्या बाजारात जाते. बायको तिथूनच आणते. मी आणू नको म्हणालो, तर म्हणाली, "मग कोणाकडची आणू? दुसरीकडची कशात धुतात ते तुम्हाला माहीत आहे?"

सोसायटीतले लोक आप्पांना "पाणीवाले बाबा" म्हणू लागले. कॅन भरायच्या आधी ते तीनदा विसळायचे. आधी थोडं पाणी, हलवून ओतायचं, परत, परत. पाण्याचा दाब कमी असला की शेजारच्या दारांतून बायका ओरडायच्या, "ओ आप्पा, निम्मं तर ओतताच!" आप्पांना ऐकू यायचं नाही, किंवा ते तसं दाखवायचे.

आता ते गेले. कॅन आता मी नेतो. आप्पा रोज न्यायचे, मी आठवड्यातून तीनदा. कमूबेननी एकदाही विचारलं नाही की बाकीचे चार दिवस काय. माझ्या घराचं कनेक्शन अजून त्याच पाइपात आहे. मागं जागा नाही, आम्ही खोली वाढवली. हे कारण आहे, आणि कारण म्हणूनच लिहितो.

शेवटचं त्यांना पाहिलं तो गुरुवार होता. निवृत्त होऊनही गुरुवारी ते चुना खायचे नाहीत. मी ऑफिसला निघालो होतो. ते आपल्या दाराशी नळापाशी बसले होते. थंडीचे दिवस, खांद्यावर गमछा, श्वास जरा लागलेला. पहिला कॅन भरलेला होता. दुसरा त्यांनी तीनदा विसळला. तिसऱ्या वेळी कॅन उलटा करून ते दम घ्यायला थांबले. भरायला आता दोन्ही हात लागणार होते. डाव्या हातात झाकण होतं. आजूबाजूला ओटा होता, दगड होता, सायकलचं कॅरिअर होतं. त्यांनी कशावरही ते ठेवलं नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"टाइपवाले, हे धरा जरा."

मी बॅग खाली ठेवली आणि झाकण घेतलं. कॅन भरायला वेळ लागला. पाण्याचा दाब कमी होता. आप्पा कॅनच्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ऑफिसला उशीर होत होता, पण मी हललो नाही. झाकण मी हातातच धरलं होतं, तोंड खाली करून.